पट्टा मानेला, दुखणं डोक्याचं

सातवीतली मुलगी. शाळेच्या गणवेशावर मानेचा पट्टा बांधलेला. आईच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, त्यावर पावसाचे थेंब. आईनं खुर्चीत बसता बसताच सांगायला सुरुवात केली. तीन महिने झाले, मान दुखते. आधी मान धरते, मग डोकं चढतं, मग उलटी होते. उलटी झाली की झोपते, आणि उठली की काही झालंच नाही अशी खेळायला जाते. घरात निदानं होऊन गेली होती. वडिलांच्या मते मोबाइल, आईच्या मते दप्तर, आजीच्या मते पित्त. एक्स-रेच्या अहवालात मानेची नैसर्गिक वक्रता कमी झाल्याचं लिहिलं होतं, आणि त्यावर कुणीतरी बारा वर्षांच्या पोरीला 'स्पॉन्डिलायटिस' असा शब्द चिकटवून पट्टा दिला होता.

मी मुलीलाच विचारलं, "दुखायला लागलं की तू काय करतेस गं?"

"आईला पंखा बंद करायला सांगते," ती म्हणाली. "त्याचा आवाज येतो."

मणक्याच्या दुखण्यात पंख्याचा आवाज नकोसा होत नाही. तो मायग्रेनमध्ये होतो.

मायग्रेनला आपल्याकडे अर्धशिशी म्हणतात, आणि या नावानंच मुलांच्या बाबतीत घोटाळा होतो. मोठ्यांचं बऱ्याचदा अर्धं डोकं दुखतं. मुलांचं बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी, कपाळ आणि कानशिलं धरून दुखतं. एका बाजूचं दुखणं वयात आल्यानंतर हळूहळू दिसू लागतं. मोठ्यांचा झटका निदान चार तास चालतो, मुलांचा दोन तासांतही आटपू शकतो. त्यामुळे 'अर्धं दुखत नाही, दिवसभर राहत नाही, म्हणजे अर्धशिशी नाही' असा हिशेब घरोघरी होतो. डोक्यापेक्षा मळमळ आणि उलटी जास्त दिसते म्हणून 'पित्त' हा शब्द पुढे येतो. आणि मूल जेव्हा मानेवर हात ठेवून 'इथे दुखतंय' म्हणतं, तेव्हा सगळं घर मानेच्या मागे लागतं.

मीही लागलो होतो. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत अशा मुलांच्या मानेचे एक्स-रे मी स्वतः लिहून दिले आहेत आणि अहवालात 'वक्रता कमी' असं आलं की समाधानानं मान डोलावली आहे. पुढे लक्षात आलं की ही ओळ दुखत नसलेल्या मुलांच्या एक्स-रेमध्येही सहज सापडते. फोटो काढताना हनुवटी किंचित खाली गेली किंवा मूल घाबरून ताठ उभं राहिलं, तरी मान सरळ दिसते. त्या ओळीवरून मायग्रेन कळत नाही आणि मानेचा आजारही ठरत नाही.

मग मान दुखते ती का? उत्तर मज्जातंतूंच्या जोडणीत आहे. चेहरा, कपाळ आणि मेंदूभोवतीचं आवरण यांची वेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नावाची एक मोठी नस असते. मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळून निघणाऱ्या नसा डोक्याच्या मागच्या भागाची आणि मानेची वेदना आणतात. या दोन्हींचे निरोप मेंदूच्या देठाच्या तळाशी, जिथे मणक्यातला मज्जारज्जू सुरू होतो, तिथल्या एकाच पेशीसमूहात पोचतात. जुन्या चाळीत एकाच बेलवर दोन बिऱ्हाडं असावीत तसं हे आहे. बेल वाजली की कुणाकडे पाहुणा आलाय ते कळत नाही, दोन्ही दारं उघडतात. हृदयविकाराच्या झटक्यात डावा हात दुखतो हे आपल्याला ठाऊक असतं, आणि त्या वेळी कुणी हाताला पट्टा बांधत नाही. मायग्रेनमध्ये पेटलेली वेदना मानेत जाणवते ती याच प्रकारे. उलट दिशेनंही हे चालतं. मानेचे स्नायू खरोखर ताठलेले असले तर तो जास्तीचा निरोप आधीच चिडलेल्या पेशींना आणखी चिडवतो. म्हणून मानेकडे साफ दुर्लक्ष करा असं मी म्हणणार नाही. फक्त तिला मुख्य आरोपी करू नका.

हे नुसतं तर्कानं ठरलेलं नाही. २०१० मध्ये अमेरिकेत मायग्रेनच्या प्रौढ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा झटक्याबरोबर मान दुखण्याचं प्रमाण मळमळीपेक्षाही जास्त निघालं. आणि मळमळ हे तर मायग्रेनचं पाठ्यपुस्तकातलं लक्षण. २०१४ मध्ये जर्मनीतल्या म्युनिकच्या संशोधकांनी किशोरवयीन विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात मानदुखीचं नातं मायग्रेनशी दिसलं, ताणामुळे होणाऱ्या साध्या डोकेदुखीशी नाही. आपला सर्वसाधारण समज याच्या बरोबर उलटा आहे: मान दुखली म्हणजे 'टेन्शन'चं डोकं.

आता कामाची गोष्ट. पुष्कळ मुलांत मान डोक्याच्या आधी बोलू लागते. झटक्याच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवशीच, मान आखडल्यासारखी होते. सोबत जांभया येतात, चेहरा पांढरा पडतो, डोळ्यांखाली काळं दिसतं, मूल विनाकारण चिडतं किंवा अबोल होतं. आयांना हे बरोबर कळतं. 'आज हिचा चेहराच सांगत होता' असं त्या म्हणतात. ही झटक्याची पहिली पायरी असते. मेंदूत गडबड सुरू झालेली असते, फक्त डोकं अजून दुखत नसतं. नेमक्या त्याच वेळी मूल मोबाइल घेऊन लोळत असलं तर घरचे म्हणतात, मान वाकवून बसलास म्हणून दुखली. कदाचित मान आधीच आखडली होती, करमत नव्हतं, म्हणून ते लोळत होतं. कोण आधी आणि कोण नंतर हे आठवणीवर सोडलं की चुकतं. लिहून ठेवावं लागतं.

त्यासाठी वेगळी वही नको, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. जिथे दुधाचे खाडे लिहिता त्याच चौकटीत लिहा. मान आखडली की 'मा' आणि वेळ. डोकं सुरू झालं की 'डो' आणि वेळ. गोळी दिली तर 'गो'. मुलीची पाळी सुरू असली तर एक टिंब. आदल्या रात्री जागरण झालं किंवा डबा तसाच परत आला तर तेही. सहा आठवडे एवढंच करा, आणि शक्यतो मुलालाच लिहू द्या. त्या सातवीतल्या मुलीच्या कॅलेंडरवर 'मा' आणि 'डो' यांच्यात दर वेळी दीड-दोन तासांचं अंतर निघालं. म्हणजे औषधासाठी दीड-दोन तास हाताशी होते, आणि इतके दिवस ते मानेला बाम चोळण्यात जात होते.

मायग्रेनचं दुखणं जितक्या लवकर गाठावं तितकं ते हाती लागतं. उलट्या सुरू झाल्यावर पोटात गेलेली गोळी नीट शोषलीही जात नाही. ज्या मुलाची मान दर वेळी आधी इशारा देते, त्याच्या डॉक्टरांशी बोलून 'मान आखडली आणि डोकं सुरू होतंय असं वाटलं की लगेच' असा नियम ठरवून घ्या. मात्र नुसतं 'मान दुखते' म्हणताच रोज गोळी, असं होऊ देऊ नका. साधी औषधं दोन. पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम. किंवा आयबुप्रोफेन, दर किलोला १० मिलिग्रॅम, काहीतरी खाऊन. म्हणजे ३० किलोच्या मुलाला अनुक्रमे ४५० आणि ३०० मिलिग्रॅम. पुष्कळ घरांत भीतीपोटी अर्धीच गोळी देतात, मग दोन तासांनी उरलेली अर्धी. त्यानं झटका थांबत नाही आणि औषध मात्र पोटात जातं. आपल्या मुलाच्या वजनाचा नेमका आकडा डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्या आणि औषधांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवा; मूल वाढतं तसा तो बदलून घ्यायचा.

तीन गोष्टी इथेच सांगून टाकतो. ताप असेल आणि आसपास डेंग्यूची साथ असेल तर आयबुप्रोफेन देऊ नका. पावसाळ्यात ही चूक फार होते. ॲस्पिरिन मुलांना घरच्या घरी कधीच देऊ नये, कारण त्यातून यकृत आणि मेंदूला इजा करणारा एक दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. आणि बाबांच्या अर्धशिशीची गोळी मुलाला नको. आपल्याकडे मोठ्यांना सर्रास दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत एर्गोटामीन आणि कॅफीन असतं. ती मुलांची औषधं नव्हेत. साध्या औषधांनी भागत नसेल तर ट्रिप्टान गटातली औषधं आहेत. त्यांतलं रिझाट्रिप्टान अमेरिकेत २०११ पासून सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी मान्य झालेलं आहे. पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

गोळी दिल्यावर अंधारी, शांत खोली, पाणी, आणि झोप. डोक्यावर गार पट्टी ठेवायची की मानेला गरम पिशवी, हे मुलालाच विचारा. ज्यानं बरं वाटतं ते बरोबर. डोक्याला ओढणी घट्ट बांधून बरं वाटत असेल तर बांधा, आपल्या आज्या तेच करत होत्या. पण झटक्यात मान रगडून चोळू नका. त्या वेळी काही मुलांची कातडीसुद्धा हळवी होते, केसांतून फणी फिरवलेली सहन होत नाही. 'जरा जोरात चोळलं की मोकळं होईल' म्हणणारा काका अशा वेळी दुसऱ्या खोलीत बरा.

साध्या वेदनाशामकांचे महिन्यात चौदाच्या वर दिवस होऊ देऊ नका, ट्रिप्टानचे नवाच्या वर. त्यापुढे औषधच रोजची डोकेदुखी बनतं. अशा मुलांची मानही कायम ताठ राहते आणि पुन्हा सगळ्यांचं बोट मानेकडे वळतं. कॅलेंडरवरचे 'गो' मोजायचे ते यासाठी.

औषधांवरून मानेचीच एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती पाहिलेले आईबाप आयुष्यभर विसरत नाहीत. उलट्या थांबत नाहीत म्हणून मुलाला मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझीनसारखं औषध दिलं जातं. काही तासांनी मुलाची मान एका बाजूला पिळवटते, डोळे वर जातात, जबडा वाकडा होतो, बोलता येत नाही. मूल शुद्धीवर असतं आणि भेदरलेलं असतं. घरात फिट, लकवा, बाहेरची बाधा, सगळ्या शंका निघतात. हा त्या औषधाचा परिणाम असतो, मुलांत आणि किशोरांत तो जास्त दिसतो, आणि योग्य इंजेक्शननं बहुधा थोड्याच वेळात उतरतो. दवाखान्यात जाताना औषधाची पट्टी किंवा बाटली बरोबर न्या. पुढे प्रत्येक डॉक्टरला ते नाव सांगा. मुलाच्या फाइलवर लाल शाईनं लिहून ठेवलंत तर उत्तम.

आता भीती कुठे बाळगायची ते. मान दुखणाऱ्या मुलांपैकी थोड्यांच्या मागे खरोखर गंभीर कारण असतं आणि तिथे 'मायग्रेनच आहे, झोपेल की' म्हणून थांबणं महागात पडतं. ताप आणि ताठ मान हे पहिलं. मुलाला हनुवटी छातीला लावायला सांगा. मायग्रेनमध्ये दुखतं, ओढ बसते, पण मान बहुधा वाकते. मेंदूज्वरात ती बहुधा पुढे वाकायला तयारच होत नाही. सोबत ताप, गुंगी, अंगावर न दबणारे लाल-जांभळे ठिपके, झटके यांतलं काही असेल तर गोळी देऊन वाट पाहू नका, मोठ्या रुग्णालयात न्या. तान्ह्या बाळांत मान ताठ असेलच असं नाही. तिथे ताप, दूध न ओढणं, टाळू फुगणं आणि बाळ मलूल होणं एवढंच पुरेसं आहे. ताप आहे, घसा दुखतो, लाळ गळते आणि मान हलवता येत नाही, तर घशामागे पू झालेला असू शकतो. टॉन्सिल सुजून गेल्यावर किंवा त्यांच्या शस्त्रक्रियेनंतर मान एका बाजूला अडकून बसली आणि सरळ होतच नसेल, तर वरचे दोन मणके एकमेकांवर फिरून अडकलेले असू शकतात. अशी मान घरी ओढून सरळ करू पाहणं धोक्याचं आहे.

दुसरं, कायम कलती राहणारी मान. मूल दिवसेंदिवस डोकं एका खांद्याकडे झुकवून बघतं, पहाटे उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होते, चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात, लिखाण अचानक बिघडतं. मेंदूच्या मागच्या भागात गाठ असेल तर असं चित्र दिसतं. इथे मानेचा एक्स-रे उपयोगाचा नाही, मेंदूचा एमआरआय लागतो. खोकताना, शिंकताना, जोरात हसताना डोक्याच्या मागे आणि मानेत कळ येणं हेही तपासून घ्यायचं लक्षण आहे. कबड्डीत आपटून किंवा दहीहंडीच्या सरावात पडून मान दुखायला लागली आणि त्यानंतर डोकं नव्यानंच, वेगळंच दुखू लागलं, तरीही. आणि क्षणात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, किंवा हातापायातली शक्ती कमी होणं, यात मायग्रेनचा जुना इतिहास धरून बसू नये.

किशोरवयीन मुलांत, विशेषतः वजन झपाट्यानं वाढलेल्या मुलींत, मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढून डोकं आणि मान दुखते. वाकलं की क्षणभर डोळ्यांपुढे अंधार येतो, कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज येतो. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर ते डॉक्टरांना न विसरता सांगा. या औषधांनीही असा दाब वाढू शकतो. मुली मुरुमांचं औषध 'औषधात' धरत नाहीत, म्हणून विचारूनच घ्यावं लागतं. डोळ्यांचा पडदा तपासला की याचा माग लागतो. एरवीही वारंवार डोकं दुखणाऱ्या प्रत्येक मुलाचा रक्तदाब आणि डोळ्याचा पडदा एकदा पाहिलेला असावा. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा पाहिला असं नव्हे.

त्या मुलीच्या आईला मी विचारलं होतं, लहानपणी हिला कधी मानेचं काही झालं होतं का? ती 'नाही' म्हणाली आणि मग थांबली. आठ-नऊ महिन्यांची असताना हिची मान अधूनमधून वाकडी व्हायची. दोन दिवस एका बाजूला, बाळ किरकिरं, पांढरंफटक, दूध ओकायचं. मग आपोआप सरळ. दर महिन्याला, जवळजवळ तारीख लावल्यासारखं. कुणी म्हणालं उशी चुकली, कुणी नजर काढली. तिसऱ्या वर्षानंतर थांबलं, म्हणून सगळे विसरूनही गेले.

बालवयातल्या या वाकड्या मानेच्या झटक्यांना वैद्यकात स्वतंत्र जागा आहे, आणि डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्यांची गणना मायग्रेनशी नातं असलेल्या आजारांत केली आहे. झटका मिनिटांचा असतो किंवा काही दिवसांचा, मधल्या काळात बाळ ठणठणीत असतं, आणि तीन-चार वर्षांच्या आसपास तो बहुधा आपसूक थांबतो. अशा बाळांच्या घरात मायग्रेन सापडतो आणि त्यांतल्या काहींना पुढे मायग्रेन होतो. पण हे निदान सगळ्यात शेवटी करायचं, कारण तान्ह्या बाळाची मान वाकडी होण्याची इतर कारणं आधी वगळावी लागतात. तुमच्या बाळाला असं होत असेल तर झटक्यात मोबाइलवर छोटा व्हिडिओ घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तोंडी वर्णनापेक्षा तो कितीतरी पटींनी उपयोगी पडतो. (त्या मुलीच्या आईलाही महिन्यातून दोनदा 'पित्ताचं' डोकं धरत होतं, उलटी झाली की उतरत होतं. ते तिनं शेवटी, दारातून परत वळून सांगितलं.)

मान स्वतःच बिघडलेली असण्याची शक्यताही उरतेच, आणि ती तपासायची सोपी जागा म्हणजे डोकं न दुखणारा दिवस. त्या दिवशी मुलाला खुर्चीत ताठ बसवा आणि मान सावकाश उजवीकडे, मग डावीकडे फिरवायला सांगा. एका बाजूला कमी वळते का? मधल्या बऱ्या दिवसांतही मान दुखते का? खांदा आणि मानेच्या मधल्या स्नायूवर चिमटीत धरलं की एखाद्या ठिकाणी मूल दचकतं का, आणि तिथून दुखणं कानशिलाकडे जातं का? याची उत्तरं 'हो' असतील तर मुलांबरोबर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जाण्यात अर्थ आहे. मुलांच्या मायग्रेनवर मानेच्या व्यायामाचा पुरावा अजून तोकडा आहे, हे कबूल करतो. पण ज्याची मान खरोखर आखडलेली आहे त्याला हलका व्यायाम सोसतो आणि सोपा पडतो, म्हणून मी पाठवतो. जे बऱ्या दिवशी पूर्ण मोकळे असतात त्यांना पाठवत नाही. त्यांच्या वाट्याला आधीच क्लास पुष्कळ आहेत.

घरी करायचे व्यायाम दोनच सांगतो. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, नजर समोर, आणि हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे ओढायची, गळ्याखाली दुसरी हनुवटी तयार होईल अशी. पाच आकडे मोजून सोडायची. हे दहा वेळा. मुलांना यात हसू येतं, येऊ द्या. दुसरा, खांदे कानांपासून खाली सोडून दोन्ही पाती पाठीमागे एकमेकींकडे ओढायच्या, तेही दहा वेळा. सकाळ-संध्याकाळ, बऱ्या दिवशी, झटक्यात नाही. दुखलं तर थांबायचं.

आणि पट्टा काढा. मानेच्या पट्ट्यानं मायग्रेन थांबत नाही. स्नायू आळसावतात, वर्गात सगळे विचारतात, आणि आपण काहीतरी मोडलेलं घेऊन फिरतो आहोत अशी मुलाची खात्री होते. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर 'कडकन' मान मोडून देण्याची जी प्रेमळ पद्धत आहे तिला मुलांच्या बाबतीत स्पष्ट नकार द्या. हाडवैद्य असो की मालिशवाला, मानेला अचानक झटका देणारं काहीही नको. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकाला माहीत आहेत. मान दुखणाऱ्या मुलानं शाळेच्या योगवर्गात शीर्षासन टाळावं. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत वरचे मणके सैल असू शकतात, तिथे तर जास्तच जपावं. बाकी खेळ चालू ठेवा. मायग्रेनवाल्या मुलाला मैदानावरून घरी बसवणं ही मी पाहिलेली सगळ्यात वाया गेलेली काळजी.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं असा महाराष्ट्र सरकारचा निर्णय २०१५ चा आहे, केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही तीच मर्यादा आहे. ती पाळावी, पाठीसाठी आणि माणुसकीसाठी. दप्तर हलकं केलं की मायग्रेन जाईल अशी आशा मात्र धरू नका. मोबाइलचंही तसंच. पलंगावर पालथं पडून तासभर अभ्यास केला तर कुणाचीही मान दुखेल. पुस्तक डोळ्यांच्या उंचीच्या जवळ आणा, अर्ध्या-पाऊण तासानं उठून पाणी प्यायला जाऊ द्या. त्यावरून रोज भांडण मात्र नको. भांडणानं मान आणखी ताठ होते, दोघांचीही.

झटके आणणाऱ्या खऱ्या गोष्टी बऱ्याचदा मानेपासून लांब असतात. आठवीपासून पुढची मुलं सकाळी सहाला क्लास, तिथून शाळा, परत क्लास अशी फिरतात. नाश्ता एक बिस्किटाचा पुडा. पाण्याची बाटली भरलेली परत येते, कारण शाळेच्या स्वच्छतागृहात जायचं नसतं, म्हणून प्यायचंच नाही. मुलींच्या बाबतीत हे विशेष. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठरा वर्षांच्याला आठ ते दहा. दहावीच्या मुलाची झोप मोजून पाहा. रविवारी दुपारी बारापर्यंत झोपून ती भरून निघत नाही, उलट उठल्यावर झटका येतो. नवरात्रातला किंवा हरतालिकेचा कडक उपवास मायग्रेन असलेल्या मुलीनं करू नये, आणि हे आजीला सांगायचं काम आईबापांनी करावं, मुलीवर सोडू नये.

झटके वारंवार येत असतील, शाळा बुडत असेल, तर रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं आहेत. त्यांबद्दल एक गोष्ट पालकांना माहीत असावी. २०१७ मध्ये अमेरिकेत ३६१ मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट आणि नुसती साखरेची गोळी, तिन्ही गटांत निम्म्याहून अधिक मुलांची डोकेदुखी निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आली, आणि औषधं साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. औषध निरुपयोगी असा याचा अर्थ मी काढत नाही. नियमित भेटी, नोंदी आणि 'कुणीतरी लक्ष घालतंय' हा दिलासा मुलांत फार काम करतो, हे मात्र त्यातून दिसतं. त्याआधी, २०१३ मध्ये, अमिट्रिप्टिलीनच्या जोडीला मनाला आणि शरीराला सैल सोडायला शिकवणारी समुपदेशनाची सत्रं दिली, तेव्हा मुलांना नुसत्या औषध आणि माहितीपेक्षा जास्त फायदा झाला होता. मानसतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे मूल ढोंग करतंय असं मुळीच नाही. सोडियम व्हॅल्प्रोएट मात्र वयात येणाऱ्या मुलींना मायग्रेनसाठी नको. पुढे गर्भारपणात ते बाळाला घातक ठरतं.

शाळेसाठी चिठ्ठी लागते. ती लांबलचक असली की फाइलमध्ये जाते, म्हणून मी चार ओळी लिहून देतो. या विद्यार्थिनीला मायग्रेन आहे. मान आखडून डोकं सुरू होतंय किंवा डोकं दुखू लागलं असं तिनं सांगितल्यास तिच्याजवळचं औषध लगेच घेऊ द्यावं, पाणी द्यावं आणि शांत जागी अर्धा-पाऊण तास पडू द्यावं. ताप असल्यास किंवा हे दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटल्यास पालकांना फोन करावा. वर्गात पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी. ही चिठ्ठी वर्गशिक्षिकेच्या हातात द्या, आणि एक प्रत खेळाच्या सरांना. झटके बऱ्याचदा उन्हातल्या कवायतीत येतात.

पुढच्या भेटीला ती मुलगी पट्ट्याशिवाय आली. आईनं कॅलेंडरची तीन पानं फाडून घडी करून आणली होती. त्यावर दुधाचे खाडे, गॅस सिलिंडरची तारीख आणि मधूनमधून मुलीच्या अक्षरात 'मा' आणि 'डो'. शेवटच्या पानावर चार ठिकाणी 'मा' होता, त्यांतल्या दोनच ठिकाणी पुढे 'डो'. एका चौकटीत एक तिसरं अक्षर होतं, 'आ'. ते काय म्हणून विचारलं तर मुलगी आईकडे बघून हसली. ते आईचं डोकं होतं.